शेवटची बाजू

त्या दुपारी बाहेर बारीक पाऊस लागला होता, साहेब जमिनीच्या मोजणीला गेले होते आणि तीन टेबलांच्या त्या ऑफिसात ती एकटीच होती. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात माउस. नशिबाला खोडी काढायची असली की ते असाच मुहूर्त शोधतं. दार धाडकन उघडलं आणि एक उंच तरुण आत शिरला.

त्याच्या केसांवर पीठ होतं, कॉलरवर पीठ होतं, आणि डाव्या भुवईवरच्या पिठाला पाऊस लागून तिथे चक्क कणीक तयार झाली होती. तिला हसू फुटणार, एवढ्यात त्याने काखेतली गुंडाळी तिच्या टेबलावर पसरली. तो नकाशा पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी जिरलं.

"ही रेघ कुणी काढली?" त्याने विचारलं.

नकाशा तिचाच होता. मागच्या आठवड्यात काढलेला, तोही अकरा मिनिटांत.

"का? काय झालं रेघेला?"

"रेघेला काय होतंय! रेघ मजेत आहे. जे व्हायचं ते आमच्या भट्टीचं झालंय." त्याने पिठाळलेलं बोट कागदावर टेकवलं. "ही आमची बेकरी. हा चौकोन म्हणजे भट्टी. आणि ही तुमची रेघ बघा... भट्टीच्या पोटातून आरपार!"

मग त्याने एका दमात सगळं सांगितलं. शेजारचे निवृत्त मास्तर जागा विकून मुलीकडे राहायला चालले होते. घेणाऱ्याने नकाशा मागितला, मास्तरांनी तो ह्या ऑफिसातून करून घेतला. नकाशा हातात पडल्याबरोबर मास्तर खडू घेऊन बेकरीत शिरले आणि फरशीवरून रेघ ओढत ओढत थेट भट्टीपर्यंत गेले. रेघेच्या पलीकडचं माझं, म्हणाले. सोमवारी गवंडी येणार आहे फोडायला.

"तुमच्या खरेदीखतात काय लिहिलंय?"

"'मास्तरांच्या हद्दीपर्यंत.' एवढंच. म्हणजे ती हद्द कुठे, हे सांगणार मास्तरांचं खत."

"आणि भट्टी... हलवता नाही येत?"

"कपाट आहे का ते, हलवायला? माझ्या वडिलांनी एकेक वीट स्वतः लावलीय. ती फोडली की बेकरी संपली. आई काय करेल आणि मी काय—"

आवाज चांगलाच चढला होता. पण बोलता बोलता त्याची नजर तिच्या कपाकडे गेली आणि तो मधेच थांबला. ऑफिसातल्यांनी वाढदिवसाला दिलेला कप तो. त्यावर तिच्या नावाची दोन आद्याक्षरं होती. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा अर्धा राग उतरलेला होता.

"तुम्ही... बघाल का जरा?"

खरं तर हीच वेळ होती. 'मीच काढली ती रेघ' एवढे चार शब्द म्हणायचे होते. पण समोर भुवईवर कणीक लावलेला माणूस इतक्या आशेने बघत असला की भल्याभल्यांची वाचा बसते.

"बघते," ती म्हणाली. "साहेबांशी बोलते. आणि ज्याने काढली त्याला... त्यालाही विचारते." आणि तिने जीभ चावली.

त्याने शर्टाच्या आतून कागदी पिशवी काढली. पावसापासून सांभाळून आणलेली, कोमट.

"पाव आहेत. भांडायला रिकाम्या हाताने जायचं नाही, असं आईचं म्हणणं आहे," असं म्हणून तो निघून गेला. त्याच्यामागे ऑफिसभर ताज्या पावाचा वास राहिला.

ऑफिसात साहेब तिला 'घाई' म्हणत. दुसऱ्यांना तास लागे तो नकाशा ती पंधरा मिनिटांत हातावेगळा करी, आणि ह्या नावाचा तिला, काय सांगायचं, अभिमानच होता.

काम तसं सरळ असतं. खरेदीखतात हद्द शब्दांत लिहिलेली असते. पहिल्या दगडापासून निघा, उत्तरेपासून पूर्वेकडे इतके अंश वळून इतके मीटर जा, तिथे दुसरा दगड. तिथून पुन्हा इतके अंश, इतके मीटर, तिसरा दगड. असं फिरत फिरत शेवटी पहिल्या दगडाशी परत यायचं. ती खत शेजारी ठेवून टाईप करायची. अंतर, कोन, एंटर. पडद्यावर रेघ सळकन पुढे जायची. मास्तरांच्या जागेला सात दगड होते आणि सात बाजू. त्यातल्या सहा तिने टाईप केल्या. सातवी तिने कधीच टाईप केली नव्हती, कुठल्याच नकाशात. शेवटी नुसतं 'सी' दाबलं की सॉफ्टवेअर आपणहून शेवटचं टोक पहिल्या दगडाला जोडून आकृती बंद करतं. त्या बिचाऱ्याला बंद कर म्हटलं की ते करतं; बरोबर की चूक, हे विचारण्याचा त्याचा स्वभाव नाही.

साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शेवटची बाजूसुद्धा खतावरून टाईप करायची. आधीच्या सगळ्या बरोबर आहेत की नाही, ते ती एकटी सांगते." तिने मान डोलावली होती. आणि तीन वर्षं 'सी' दाबलं होतं.

तो गेल्यावर तिने फाईल उघडली, सातवी बाजू पुसली आणि खतावरून टाईप केली. रेघ निघाली आणि पहिल्या दगडापासून सहा मीटर लांब, अधांतरी थांबली. तिने हातातला पाव खाली ठेवला.

तिने सहाच्या सहा बाजू पुन्हा तपासल्या. सगळ्या खताप्रमाणेच होत्या. म्हणजे चूक मुळात खतात होती, आणि तिने सातवी बाजू टाईप केली असती तर ती त्याच दिवशी सापडली असती. आता भट्टीवर खडूची रेघ होती, सोमवारचा गवंडी ठरला होता, आणि सातांपैकी कुठली बाजू खोटी बोलतेय हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांना सांगितलं तर नोकरी जाईल. त्याला सांगितलं तर... ह्या दुसऱ्या विचाराची भीती पहिल्यापेक्षा मोठी का वाटावी, हे काही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेप घेऊन बेकरीत गेली.

"रेघ ओलांडून ये गं, तिच्यावर पाय देऊ नकोस," काउंटरमागून त्याची आई म्हणाली. "मास्तर फार कडक आहेत. रोज येऊन बघतात, पुसली की काय." फरशी लख्ख होती. फक्त रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा केर न काढता सोडलेली होती.

"तुम्ही पुसत का नाही, काकू?"

"नकाशात आहे म्हणतात ना ती. आपण कशी पुसायची?" काकूंनी गरम बन तिच्या हातात ठेवला. "खा. आणि तुमच्या त्या मेल्या नकाशावाल्याला सांग, एकदा येऊन आमचा बन खा म्हणावं, आणि मग होत असेल हिंमत तर काढ रेघ."

तो मेला त्या वेळी तिथेच उभं राहून दुसरा बन खात होता. इतका चांगला बन तिने जन्मात खाल्ला नव्हता, आणि इतका जड घाससुद्धा कधी गिळला नव्हता.

मोजायला तो तिच्यासोबत मागच्या अंगणात आला. तिथे सरपणाचा हा मोठा ढीग रचलेला होता. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या.

"ताठ धरा."

"मी ताठच उभा आहे. टेप सैल आहे."

"किती आलं?"

"चार मीटर बारा."

"हललात तुम्ही. परत घ्या."

"तुम्ही माझ्याकडे बघत होतात, म्हणून हललो."

"मी टेपकडे बघत होते!"

"बरं... मग टेपला सांगा, असं बघू नकोस म्हणावं."

ते अंतर त्यांनी तीनदा मोजलं. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदासुद्धा मोजायची गरज नव्हती. टेप गुंडाळताना दोघांची बोटं एकमेकांना लागली आणि तिच्या मनगटावर पिठाचा ठसा उमटला. तो तिने संध्याकाळपर्यंत धुतला नाही.

"त्या काढणाऱ्याला विचारलंत?" निघताना त्याने विचारलं.

"हो... म्हणजे... अजून बोलत नाही तो."

"घाबरत असेल."

"असेल."

"त्याला सांगा, मी चावत नाही." हे तो इतक्या हळू म्हणाला की ती पटकन वळून चालू लागली, नाहीतर तिथेच रडली असती.

पुढचे तीन दिवस ती रोज काहीतरी मोजायचं राहिलंय म्हणून बेकरीत जात राहिली आणि रोज 'आज सांगायचंच' असं ठरवून न सांगता परत येत राहिली. शनिवारी सकाळी मात्र पडद्यावरच्या त्या सहा मीटरच्या फटीकडे बघता बघता तिला सहज सुचलं, ह्या फटीचीसुद्धा दिशा मोजून बघावी. मोजली. आकडा ओळखीचा होता. तिने खत उघडलं. चौथी बाजू, विहिरीजवळची, सगळ्यात आखूड. तीन मीटर. आणि तिचा कोन फटीच्या कोनाशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता.

तीन मीटर पुढे जायचं तिथे माणूस तीन मीटर मागे गेला तर जिथे पोचायचं तिथून तो सहा मीटर लांब राहतो. एवढंच झालं होतं! कुणीतरी चौथी बाजू उलट्या टोकाकडून मोजली होती आणि खतात ती तशीच उतरली होती. तिने फक्त ती एक बाजू फिरवली. मग पाच, सहा आणि श्वास रोखून सात. सातवी रेघ सळकन गेली आणि पहिल्या दगडापाशी जाऊन थांबली. फरक दोन बोटांचा. हद्द भट्टीच्या भिंतीपासून चांगली दीड हात बाहेरून जात होती.

तिचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. कारण खत मास्तरांचं होतं, आणि त्यातली एक अख्खी दिशा तिने आपल्या मनाने फिरवली, हे मास्तर कसे ऐकून घेणार?

मास्तरांच्या घरात सगळीकडे खोकी बांधून ठेवली होती. ती आणि बेकरीवाला दोघंही उभीच राहिली, कारण खुर्च्यासुद्धा बांधलेल्या होत्या. मास्तरांनी तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"आज हा म्हणतो रेघ फिरवा, उद्या दुसरा म्हणेल. नकाशा म्हणजे फळा आहे का, पुसला आणि लिहिला? ज्याने तो काढला त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं की माझी चूक झाली. मग बघू."

बेकरीवाला खोक्यावरच्या सुतळीकडे बघत होता. सोमवारला एकच दिवस उरला होता.

"मीच काढला, सर," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर आलं. "शेवटची बाजू मी तपासलीच नाही. नुसतं बटण दाबून आकृती बंद केली. ती टाईप केली असती तर गडबड त्याच दिवशी कळली असती. माझ्यामुळे ह्यांच्या भट्टीवर रेघ आली. आणि इतके दिवस ह्यांचे पाव खाऊनसुद्धा मी... मी गप्प बसले."

ती त्याच्याकडे बघूच शकली नाही.

"म्हणजे उत्तर ताडून न बघता पेपर दिलास," मास्तर म्हणाले. "किती वर्षं चाललंय हे?"

"तीन, सर."

"हं. माझ्या वर्गात चाळीस वर्षं हेच चाललं होतं, पण आपणहून उठून कबूल करणारं कुणी नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "कुठली बाजू म्हणालीस उलटी?"

"चौथी. विहिरीजवळची."

मास्तरांचा हात नकळत नाकाकडे गेला. मग ते हसायला लागले; आधी गालातल्या गालात, मग खो खो.

"मधमाश्या! अगं, जागा घेतली तेव्हा त्या चौथ्या दगडापाशी झुडपात हे एवढं पोळं होतं. मोजणीवाल्याने तिथे यंत्र लावायला साफ नकार दिला. त्याने ते पाचव्या दगडापाशी लावलं आणि टेपचं टोक देऊन चौथ्याकडे पाठवलं मला, चादर पांघरून! आठवडाभर मी सुजलेल्या नाकाने शिकवत होतो. उलटं मोजलेलं त्याने सुलटं करून लिहायला हवं होतं... पण माश्यांच्या भीतीने तो तरी कुठे शुद्धीवर होता!"

तरीही मास्तर ते मास्तरच. "सातवा दगड दाखव," ते म्हणाले. तिने आकृतीवरून मोजलं. दगड यायला हवा होता बेकरीच्या मागे, नेमका सरपणाच्या ढिगाखाली. मग तो, ती, काकू आणि बाह्या सरसावलेले मास्तर अशी चौघं लाकडं उपसायला लागली. अर्ध्या तासाने त्याच्या हाताला काहीतरी थंड लागलं. चौकोनी घडीव दगड, डोक्यावर फुलीची खूण. तिने सांगितलेल्या जागेपासून वीतभरही सरकलेला नव्हता.

मास्तर काही न बोलता बेकरीत गेले, खिशातून रुमाल काढला आणि गुडघे टेकून भट्टीपासून दारापर्यंतची अख्खी रेघ स्वतः पुसली. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि त्यांना बन देत होत्या, दोन्ही एकदमच. तिला इतकं हलकं वाटलं की तिथेच लाकडांवर बसावंसं वाटलं. पण त्याच्याशी एक शब्दही न बोलता ती तिथून सटकली. खोटं बोलणाऱ्या माणसाने आनंदात वाटा मागू नये, असं तिला वाटलं.

सोमवारी तिने साहेबांना सगळं सांगितलं.

"तीन वर्षांचे सगळे नकाशे काढ," ते म्हणाले. "प्रत्येकाची शेवटची बाजू टाईप कर."

"आणि माझी नोकरी, साहेब?"

"मग ते टाईप कोण करणार, मी?"

दोनशे चौदा नकाशे निघाले. ती एकेक फाईल उघडत होती, 'सी'ने काढलेली बाजू पुसत होती, खतावरून टाईप करत होती, आणि रेघ पहिल्या दगडाला टेकली की सुटकेचा श्वास सोडत होती. पंधराव्या दिवशी शेवटची फाईल जुळली. सगळ्यांत मिळून एकच चुकली होती, तीही चार बोटांनी. तिने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली. आणि तेवढ्यात पावाचा वास आला.

तो दारात उभा होता. आज भुवया स्वच्छ होत्या.

"पंधरा दिवस वाट बघितली," तो म्हणाला. "म्हटलं, मोजायचं काही राहिलं असेल तर याल."

"मी कुठल्या तोंडाने येणार होते?" ती उठून उभी राहिली. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं मी. तुम्ही विचारलंत, आणि मी..."

"मला माहीत होतं."

"काय?"

"नकाशाच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या जागी दोन अक्षरं होती." त्याने कपाकडे बोट दाखवलं. "तीच. मी चांगला भांडायच्या तयारीने आलो होतो. कप बघितला आणि मग तुमचा चेहरा बघितला. माझ्याहून तुम्हीच जास्त घाबरला होतात. म्हटलं, सांगेल. तिच्या वेळेने सांगेल."

"आणि नसतं सांगितलं तर? भट्टी गेली असती!"

"भट्टीची मला काळजी होती, खूप होती. पण तुम्ही रोज येत होतात ना... रोज येणारा माणूस पळून जात नाही." त्याने पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. हे आता मीही लपवलेलं होतं, म्हणजे फिट्टंफाट."

एवढं बोलून त्याने पावाची पिशवी टेबलावर ठेवली आणि, धीट माणसाचा धीर संपावा तसा, भराभर जिना उतरून गेला.

पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. 'आरंभ: बेकरीचं दार. तिथून उत्तरेपासून पूर्वेकडे चाळीस अंश, दोनशे दहा पावलं, टपालपेटीपर्यंत. तिथून पूर्वेला शंभर पावलं, घड्याळजीच्या दुकानापर्यंत. तिथून उत्तरेला ऐंशी पावलं, ऑफिसचा जिना, एक टेबल, एक कप. तिथून परत बेकरीचं दार: कोन आणि अंतर नकाशावालीने भरावं.' खाली बारीक अक्षरात होतं, 'होकायंत्र मास्तरांचं.'

तिने ते चटकन पडद्यावर काढलं. तीन बाजू झाल्या. बोट सवयीने 'सी'वर गेलं आणि तिथेच थबकलं. मग तिने पिशवी उचलली, साहेबांना "आलेच" म्हणाली आणि चौथी बाजू पायांनी मोजायला निघाली. ऑफिसमागच्या बागेतली पायवाट सरळ बेकरीवर जात होती. एक, दोन, तीन... पाऊस नुकताच थांबला होता, आणि ओल्या पायवाटेवर ती स्वतःशीच हसत मोठ्याने आकडे म्हणत चालली होती.

ती पोचली तेव्हा तो काउंटरमागे उभा होता आणि गिऱ्हाइकाला पाव द्यायचे सोडून दाराकडेच बघत होता.

"जुळत नाही," ती धापा टाकत म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "काय... जुळत नाही?"

"हद्द. तुझ्या तीन बाजूंप्रमाणे परत यायला तीनशे छत्तीस पावलं व्हायला हवीत. माझी चारशे दोन झाली."

तिने त्याला 'तू' म्हटलं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं आणि काकूंना अचानक आतल्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं.

"चूक कुणाची?" त्याने विचारलं. आता त्याच्या डोळ्यांत हसू होतं.

"कुणाचीच नाही. तुझी पावलं लांब आहेत, माझी आखूड. असं वेगवेगळं मोजून कधीच जुळणार नाही. एकत्र चालत मोजावं लागेल."

"कधीपासून?"

"आजपासून. रोज."

"आणि पहिल्याच दिवशी जुळलं तर?"

तिने हात लांब करून त्याच्या कॉलरवरचं पीठ झटकलं.

"तर परत मोजू," ती म्हणाली. "मला आता कसलीच घाई नाही."